टायवाल्याचे टोमॅटो

आपली फसवणूक झाली नाही असा एखादा दिवस गेला, की तपासनीसांना चुकल्याचुकल्यासारखे वाटे. विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. दुकान जळाले म्हणून कोणी रडत आला, तर आधी काडेपेटी कोणाची ते विचारायचे आणि मग पाण्याचा पेला पुढे करायचा, हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे कचेरीत त्यांना मान होता आणि मित्र नव्हते. सोसायटीतही सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. त्यांचे खरे नाव बहुधा वीजबिलालाच ठाऊक असावे.

अशा माणसाने सेंद्रिय खायचे मनावर घेतले ते साडूंमुळे. साडू फोनवर म्हणाले, "आम्ही हल्ली विषमुक्तच खातो." उरलेले जग काय खाते ते साडूंनी सांगितले नाही, पण तपासनीसांना ते स्वच्छ ऐकू आले. फोन ठेवून ते बायकोला म्हणाले, "अगं, उद्यापासून आपणही."

"आपणही काय?"

"विषमुक्त."

"बरं. आधी ओट्यावरचा तुमचा कप उचला."

बायकोच्या ओट्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. सोसायटीत नवे बिऱ्हाड आले, की जुने लोक त्याला पाण्याची वेळ सांगत, कचऱ्याची जागा सांगत आणि मग म्हणत, "एकदा तपासनीस वहिनींचं स्वयंपाकघर बघून या." लोक खरोखर बघून जात आणि घरी जाऊन आपसांत भांडत. तिच्याकडे घाणेरडे फडके हा प्रकारच नव्हता. सगळी फडकी एकाच पिवळ्या कापडाची, उकळलेली, घडी घातलेली. ही कीर्ती तिने एका दिवसात मिळवली नव्हती, आणि ती जपण्यासाठी तिने किती जणांना चहाला बोलवायचे टाळले होते ते तिचे तिलाच माहीत.

तर तपासनीस दुसऱ्या दिवशी मोठ्या दुकानात गेले. तिथे सेंद्रिय मालाची मांडणी वेगळी होती. दिवे मंद, खाली खोटे गवत, आणि किमती अशा, की माणसाचा आवाज दवाखान्यात गेल्यासारखा आपोआप खाली येई. तपासनीसांनी खिशातून भिंग काढले. डाळीच्या पाकिटावर हिरवे पान होते, उगवता सूर्य होता, हसणारा शेतकरी होता. 'सेंद्रिय' हा शब्द लांबून वाचता येत होता. त्याला चिकटून, मुंगीलाही चष्मा लागावा इतक्या बारीक अक्षरांत, वाक्याचा उरलेला भाग होता: 'जीवनशैलीला वाहिलेले उत्पादन'.

"अहो, यात सेंद्रिय नेमकं काय आहे? डाळ की जीवनशैली?"

व्यवस्थापक शिकवलेले हसू हसला. "सर, पाकीट कागदी आहे."

"मी पाकीट शिजवत नाही."

"मग सर, शेजारच्या कप्प्यात नैसर्गिक आहे."

"नैसर्गिक म्हणजे?"

"निसर्गातलं."

"विंचूही निसर्गातलाच असतो."

व्यवस्थापकाने विंचू कोणत्या कप्प्यात मिळेल याचा क्षणभर विचार केला असावा. तपासनीस विजयी मुद्रेने आणि रिकाम्या पिशवीने घरी परतले. बायकोने घरात होती तीच डाळ शिजवली, आणि ती कशावर पिकली होती हा विषय जेवताना कोणी काढला नाही.

याच सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये शनिवारी सकाळी एक माणूस टेबल मांडून टोमॅटो विकू लागला. त्याच्या गळ्यात टाय होता. पूर्वी तो कचेऱ्यांना झेरॉक्सची यंत्रे विकायचा. ती नोकरी सुटली तेव्हा तो बहिणीबरोबर शेतीत उतरला. ती पिकवायची, हा विकायचा. नोकरी सुटली तरी टाय सुटला नव्हता, कारण टायशिवाय त्याच्या तोंडून भाव बाहेर पडत नसे. पहिल्याच शनिवारी त्याचे नाव टायवाला पडले.

"या ताई! शून्य रसायन, पूर्ण चव, आणि विक्रीनंतरची सेवासुद्धा!"

"टोमॅटोची विक्रीनंतरची सेवा कसली रे बाबा?" तळमजल्यावरच्या मावशींनी विचारले.

"सडका निघाला तर बदलून देतो."

"आणि खाल्ल्यावर कळलं तर?"

"तर तुमची तब्येत विचारायला येतो."

मावशींनी टोमॅटो घेतले. त्यांनी घेतले म्हणून इतरांनी घेतले, आणि घेतल्यावर सोसायटीत जो तो या विषयातला जाणकार झाला. निवृत्त मुख्याध्यापकांचे म्हणणे, की फळात अळी निघाली तर ते अस्सल. ते रोज आशेने टोमॅटो चिरत आणि अळी न निघाल्याने उदास होत. सोसायटीचे अध्यक्ष म्हणत, की अस्सल टोमॅटो लवकर सडतो. मुख्याध्यापक म्हणत, अस्सल टोमॅटो सडतच नाही, नुसता सुकतो. दोघांनी मिळून एक टोमॅटो जिन्यातल्या खिडकीत ठेवला. तो एका बाजूने सडला आणि दुसऱ्या बाजूने सुकला. दोघेही आपापल्या बाजूने त्याच्याकडे बोट दाखवू लागले.

तपासनीस हे सारे वरच्या गॅलरीतून पाहत होते. शेतकऱ्याने टाय घालावा हेच त्यांना पटत नव्हते. त्यांच्या अनुभवात टाय घातलेला माणूस काहीतरी विकत असे, आणि जो विकतो तो लपवतो. शेवटी एका शनिवारी ते खाली उतरले. टेबलाभोवती गर्दी होती. तपासनीसांनी घसा साफ केला.

"दाखला आहे का?"

"नाही, साहेब," टायवाला म्हणाला.

 इतके सरळ उत्तर तपासनीसांना कचेरीत कधी मिळाले नव्हते. ते जरा अडखळले.

"नाही म्हणजे?"

"जमीन अजून बदलतेय. रसायनं बंद केली, की काही वर्षं जाऊ द्यावी लागतात, तेव्हा दाखला मिळतो. मध्ये एकदा जरी फवारलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमची अर्धी वाट झालीय."

"मग फलकावर 'सेंद्रिय' लिहून तुम्ही लोकांची सरळसरळ—"

"फलक पूर्ण वाचा ना, साहेब."

तपासनीसांनी वाचला. 'सेंद्रिय' मोठ्या अक्षरांत होते आणि त्याखाली, टोमॅटोच्या चित्राच्या देठाजवळ, लिहिले होते: 'होण्याच्या वाटेवर'.

हसण्याची सुरुवात कोणी केली यावर पुढे मतभेद झाले. पण "तपासनीस, भिंग घरी राहिलं वाटतं?" हे मुख्याध्यापक म्हणाले याला साक्षीदार आहेत. ज्या माणसाने गोदामाच्या राखेतून जळक्या कागदाचे तुकडे वाचले होते, त्याला भर पार्किंगमध्ये एका टोमॅटोवाल्याने वाचायला शिकवले. तपासनीस जिना चढून वर आले आणि टेबलाशी बसले. बायकोने पाणी दिले.

"प्रयोगशाळा," ते म्हणाले.

"काय झालं?"

"आता प्रयोगशाळाच."

अध्यक्षांना सभा फार प्रिय. त्यांनी लगेच बोलावली. ठरले असे: तपासनीसांनी टोमॅटोचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. टोमॅटो निर्दोष निघाले तर प्रत्येक घराने पुढच्या हंगामाची मागणी आताच नोंदवायची, आणि दोषी निघाले तर टेबल उचलायचे. टायवाला खुशीत आला. "माझ्या बहिणीला एवढंच हवंय," तो म्हणाला. "अर्धं पीक किडे खातात. उरलेलं बाजारात नेलं, तर 'वाटेवर' असलेल्या मालाला कोणी विचारत नाही. ती म्हणते, घेणारे नसतील तर मी पुन्हा फवारते, शेजारी फवारतात तसं. तिला मी काय सांगू? झेरॉक्स मशीन विकताना मी एक महिना वाट बघायचो. ही वर्षानुवर्षं बघतेय."

हे शेवटचे वाक्य त्याने विक्रेत्याच्या आवाजात म्हटले नव्हते, पण तपासनीसांनी त्या वेळी त्याची दखल घेतली नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीत एक कारकून बसला होता. "कशासाठी तपासायचंय? निर्यात, कोर्टकचेरी की उत्पादन परवाना?"

"स्वतःच्या समाधानासाठी."

"तो रकाना नाही."

"मग ग्राहक म्हणून."

"ग्राहक तपासून घेत नाहीत, साहेब. ग्राहक खातात." मग त्याला दया आली. "कोर्टकचेरी लिहा. नंतर भांडायचंच असेल ना?"

तपासनीसांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि 'कोर्टकचेरी'वर खूण केली. सूचना अशा होत्या: नमुना एकाच भाजीचा हवा, पिशवी नवी हवी, वर मोहोर हवी. मोहोर हा शब्द ऐकून तपासनीस खुलले. शनिवारी त्यांनी टायवाल्याच्या टेबलावरून स्वतः निवडून टोमॅटो घेतले, घरी आणून ओट्यावर ठेवले आणि लाख आणायला बाहेर पडले. लाख आता कोणी विकत नाही, हे त्यांना स्टेशनरीच्या पाच-सहा दुकानांत पटवून देण्यात आले. एका म्हाताऱ्या दुकानदाराने शेवटी माळ्यावरून एक कांडी काढून दिली, ती निवृत्त झाल्यासारखी दिसत होती.

इकडे बायकोने ओट्यावरचे टोमॅटो पाहिले. देठांशी माती होती. एकावर पानाचा तुकडा चिकटला होता. हे टोमॅटो परक्या लोकांच्या टेबलावर जाणार होते, आणि सोबतच्या कागदावर या घराचा पत्ता असणार होता. तिने ते धुतले. घडीचे पिवळे फडके घेऊन एकेक कोरडा केला, मग चकाकेपर्यंत पुसला, देठांची टोके सारख्या लांबीची कापली आणि पिशवीत मोठे खाली, लहान वर असे रचले.

तपासनीस परतले तेव्हा पिशवी तयार होती. "अरे वा," ते म्हणाले, कारण टोमॅटो खरेच सुरेख दिसत होते, आणि त्यांनी पिशवीवर लाखेची मोहोर अशी ठोकली, की टेबलाला भोक पडता पडता राहिले.

निकाल आला: कीटकनाशकाचे अंश आढळले.

तो कागद तपासनीसांनी वाचून दाखवला, सोसायटीच्या सूचनाफलकावर लावला आणि पुन्हा एकदा वाचून दाखवला. सोसायटीची स्मरणशक्ती रातोरात सुधारली. अध्यक्षांना आठवले, की टोमॅटो खाल्ल्यापासून त्यांचे गुडघे दुखत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "मला अळी निघत नव्हती तेव्हाच शंका आली." टेबल उचलायचे तेवढे औपचारिक ठरवायचे होते, म्हणून रविवारी पुन्हा सभा ठरली.

टायवाल्याला हे शनिवारी कळले. त्याने कागद वाचला. नंतर त्याने एक विचित्र गोष्ट केली. टायची गाठ सैल केली.

"आम्ही मारलं नाही, साहेब," तो म्हणाला. एवढेच. ना पूर्ण चव, ना विक्रीनंतरची सेवा.

तपासनीस जिंकले होते. पण जिंकलेला माणूस जेवतो, आणि त्यांना त्या दुपारी जेवण जाईना. कचेरीतला त्यांचा एक नियम होता: दावा फार नीट बसला, की पुन्हा उघडायचा. फसवणारा माणूस खूप बोलतो. हा तर नेहमी खूप बोलायचा आणि नेमका आज गप्प झाला. "उद्याच्या सभेत विषाचं नावही सांगता आलं पाहिजे," असे स्वतःला बजावून ते प्रयोगशाळेत गेले. खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. कारकुनाने आतल्या बाईंना हाक मारली. नमुना तपासणाऱ्या बाई रुमालाला हात पुसत बाहेर आल्या.

"तुम्हीच का ते लाखेवाले? मोहोर तोडायला आम्हाला हातोडी लागली."

"विष कोणतं होतं, बाई?"

"हे शेतात कोणी मारत नाही हो. हे झुरळांचं औषध आहे, घरात मारायचं. आणि होतं ते सगळं सालीवर. आत काही नाही." मग त्यांनी कुतूहलाने विचारले, "एक विचारू? एवढे चकचकीत कोणी पुसले होते? आमच्याकडे लोक मातीसकट आणतात."

तपासनीसांनी आयुष्यात पुष्कळ दावेदारांचे चेहरे उतरताना पाहिले होते. आतून ते कसे वाटते, ते त्यांना आज समजले.

घरी येऊन त्यांनी ओट्याखालचे कपाट उघडले. मागच्या कोपऱ्यात, साबणाच्या वड्यांआड, झुरळांच्या औषधाचा फवारा होता. त्यावर एक पिवळे फडके होते. उकळलेले. घडी घातलेले. बाकीच्या फडक्यांसारखेच.

बायको दारात उभी होती.

"आपल्याकडे झुरळं आहेत?" तपासनीसांनी आवाज खाली ठेवून विचारले.

"नाहीत."

"मग हे?"

"ते येऊ नयेत म्हणून. फडक्यावर मारून कपाटाच्या कडा पुसते. वास येत नाही."

"अगं, म्हणजे आहेत."

"एकच आहे," बायको म्हणाली. "तेच परत परत येतं."

तपासनीसांनी प्रयोगशाळेतले सगळे सांगितले. बायको खुर्चीवर बसली. तिने ओट्याकडे पाहिले, कपाटाकडे पाहिले, आणि मग जिन्याकडच्या दाराकडे पाहिले, जणू सगळी सोसायटी तिथे रांगेत उभी आहे.

"सांगू नका," ती म्हणाली. "काहीही सांगा, हे सांगू नका. मला जिन्यात तोंड दाखवता येणार नाही."

"पण तो माणूस—"

"त्याचं टेबल राहील असं काहीतरी करा. तुम्ही एवढे हुशार. पण हे नको हो."

ती त्यांच्याकडे फारसे काही मागत नसे. तपासनीसांनी मान डोलावली, आणि ज्याने हयातभर दुसऱ्यांच्या थापा पकडल्या, तो माणूस आता स्वतःची एक थाप जुळवायला बसला. हे काम वाटते तितके सोपे नसते. त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला. कारकून दार लावून निघतच होता.

"तुमच्याकडून काही चूक झाली असं दोन ओळींचं पत्र मिळेल का?"

"चूक झालीय का?"

"नाही."

"मग कसं देणार? चूक झाली असती तरी दिलं नसतं म्हणा, पण ती गोष्ट वेगळी."

"निदान फेरतपासणी?"

"रांग आहे, साहेब. हंगाम संपल्यावर या."

मग त्यांनी सभा पुढे ढकलण्यासाठी अध्यक्षांना गाठले. अध्यक्षांनी खुर्च्या भाड्याने सांगितल्या होत्या. खुर्च्या सांगितल्यावर सभा रद्द करणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते. परतताना फाटकाशी टायवाला भेटला. टेबलाच्या घड्या घालून टेम्पोची वाट पाहत होता.

"बहिणीला सांगितलंत?" तपासनीसांनी विचारले.

"सांगितलं.  फवारणीचा पंप काढून धुऊन ठेवलाय म्हणाली. उद्याचं काय ठरतं ते बघून सोमवारी मारणार." तो कसनुसा हसला. "गंमत बघा, साहेब. मी पहिल्यांदाच खरा माल विकत होतो."

रविवारी पार्किंगमध्ये सगळे जमले. टायवाला कडेला उभा होता, टाय नव्हता. अध्यक्षांनी विषय मांडला आणि तपासनीसांना निकाल पुन्हा वाचायला सांगितले. तपासनीस उठले. कचेरीतली भाषा अडचणीत उपयोगी पडते असा त्यांचा समज होता.

"सदर नमुन्याच्या हाताळणीदरम्यान बाह्य घटकांचा संपर्क घडून आल्याची शक्यता नाकारता येत नसल्याने, सदर निष्कर्ष विक्रेत्यास लागू होत नाही."

"मराठीत सांगा," मावशी म्हणाल्या.

"टोमॅटो चांगले आहेत."

"काल तर विषारी होते!"

"काल होते. म्हणजे काल वाटले होते. औषध शेतात लागलेलं नाही."

"मग कुठे लागलं?" मुख्याध्यापकांनी विचारले. "वर्गात उत्तर देताना अर्धवट द्यायचं नाही."

"वाटेत."

"कोणत्या वाटेत? पिशवी तुम्ही नेली, मोहोर तुम्ही मारली."

तपासनीसांनी निकालाच्या कागदाची घडी घातली. अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले आणि जरा हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू, म्हणाले, "तपासनीस, राग मानू नका. टायवाल्यानं तुम्हाला पटवलं तर नाही ना? काल फाटकाशी तुम्ही दोघं बोलत होतात म्हणे."

 तपासनीसांचे कान लाल झाले. उभ्या नोकरीत त्यांनी दावेदाराचा चहासुद्धा घेतला नव्हता. एका वाक्यात ते मोकळे झाले असते. ते वाक्य ओठांपर्यंत आले, त्यांनी बायकोकडे पाहिले, आणि वाक्य परत गिळून ते खुर्चीवर बसले.

"काही बोलायचं नाही मला," ते म्हणाले.

"म्हणजे खरं आहे तर," कोणीतरी मागून म्हटले.

तेव्हा बायको उठली. ती सभेत कधी बोलत नसे. उठताना तिने सवयीने आपली खुर्ची रुमालाने पुसली.

"यांना कोणी पटवलेलं नाही. यांना पटवणं एवढं सोपं असतं तर माझा संसार सुखाचा झाला असता," ती म्हणाली. "टोमॅटो मी पुसले. ज्या फडक्याला झुरळांचं औषध होतं, त्यानं. फडकी एकसारखी आहेत, मला कळलं नाही. आमच्या घरात झुरळं आहेत."

 'तपासनीस वहिनी' आणि 'झुरळं' हे दोन शब्द एका वाक्यात बसवायला सोसायटीला वेळ लागत होता. बायको ताठ उभी होती. तिच्या हातातल्या रुमालाची घडी मात्र अगदी लहान होत चालली होती.

"कोणतं औषध वापरता?" मावशी म्हणाल्या.

"काय?"

"अगं, औषध कोणतं? आमची तर कशालाच दाद देत नाहीत. मी मेली दिवसभर कपाटात डोकं घालून बसते. तुझ्याकडे नसतात म्हणून मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतं."

"तुमच्याकडे आहेत?"

"आहेत का म्हणून काय विचारतेस? आमची तर उडतात!"

बांध फुटला. दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंकडची पाइपातून येत. मुख्याध्यापकांकडे पुस्तकांत होती, आणि ती आपल्याला मान देतात असे त्यांचे म्हणणे होते. अध्यक्षांनी प्रथम आपल्या घरी नाहीत असे सांगितले, पण त्यांच्या पत्नीने सगळ्यांदेखत त्यांच्याकडे असे पाहिले, की ते म्हणाले, "असलीच तर वरच्या मजल्यावरून उतरतात." यावर वरचा मजला उठून उभा राहिला. कोणाची झुरळे मूळची आणि कोणाची आलेली हा वाद पेटला आणि सभेचा विषय टोमॅटो होता हे विसरले गेले. बायको अजून उभीच होती. मावशींनी तिला हाताला धरून आपल्याशेजारी बसवले आणि फडके उकळून किती वेळ ठेवायचे ते विचारू लागल्या.

शेवटी टायवाल्यानेच घसा खाकरला. "माफ करा. पण माझं टेबल..."

"राहू द्या की!" मावशी म्हणाल्या. "अध्यक्ष, लिहून घ्या. टेबल राहील. आणि तपासायचं झालं तर या बाईनं टोमॅटोला हात लावायचा नाही."

हसणे उठले. बायकोही हसली. अध्यक्षांनी दोन्ही ठराव लिहून घेतले.

टायवाल्याने तिथेच बहिणीला फोन लावला. "थांब, मारू नकोस," तो म्हणाला. "घेतायत. हो, खरंच. अगं, विकायच्या आवाजात नाही बोलत, देवाशपथ... नाही ना विश्वास?" त्याने फोन खाली केला आणि गोरामोरा होऊन म्हणाला, "मी सगळ्यांना असंच सांगतो म्हणते. घेणाऱ्यांपैकी कोणीतरी बोला म्हणते."

सगळ्यांनी तपासनीसांकडे पाहिले. फोन घेतला बायकोने.

"मी बोलते. ज्यांच्या फडक्याचं औषध तुमच्या टोमॅटोला लागलं त्या." पलीकडून बराच वेळ काहीतरी येत राहिले. बायकोने ऐकून घेतले. "हो, तुम्ही धुऊन पाठवता ते कळलं मला. पण देठाशी माती होती... होती हो, मी स्वतः काढली... बरं, असेल पावसाची. नाही, नाही, तुमच्या स्वच्छतेबद्दल मी काही म्हणत नाहीये." मग तिचा आवाज बदलला. "पंप परत ठेवा. आम्ही घेतो. डाग असलेले पण पाठवा, वेडेवाकडे पण पाठवा. किती?" तिने फोनवर हात ठेवला आणि पार्किंगकडे वळली. "पुढच्या हंगामाला किती घरं, विचारतायत. हात वर करा."

हात वर झाले. मोजायचे काम अर्थात तपासनीसांकडे आले. त्यांनी एका टोकापासून मोजले. पहिल्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दुसऱ्या टोकापासून पुन्हा मोजले, तर एक हात वाढला होता. तो अध्यक्षांचा होता, पत्नीने कोपरापाशी धरून वर केलेला. तेव्हा तिसऱ्यांदा मोजायला लागले.

"अहो," बायको म्हणाली, "ती बाई ताटकळलीय. आणि आपल्या घराचा हात कुठाय?"

तपासनीसांनी आजूबाजूला पाहिले. खरेच, दुसऱ्यांचे हात मोजताना स्वतःचा राहिला होता. त्यांनी तो वर केला, चांगला खांद्यापासून सरळ, वर्गातल्या हुशार मुलासारखा, आणि मग मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.